बुलपेनमधला मेहुणा

माझ्या मेहुण्याने आजवर कोणतीही गोष्ट स्वतः सुरू केलेली नाही, आणि सिडनीच्या पश्चिमेकडे राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींची एकही अडलेली गोष्ट त्याच्यावाचून तडीस गेलेली नाही. मी स्वभावाने भिडस्त माणूस आहे. अतिशयोक्तीचीही मला भीड वाटते. तरीही हे विधान मागे घेण्याची माझी तयारी नाही. लोणच्याची नवी बरणी तो कधी उघडत नाही. मात्र तळाशी उरलेल्या खारातून पोळीचा तुकडा असा फिरवतो की बरणी धुण्याची गरज उरू नये. कादंबरी तो शेवटच्या प्रकरणापासून वाचायला घेतो आणि तिथेच संपवतो. टीव्हीवरच्या सिनेमाला तासाभराने येऊन बसतो, कोण कोणाचा कोण हे चुकूनही विचारत नाही, आणि शेवट पाहून सर्वांत जास्त समाधानाने तोच उठतो. गणपतीत पहिल्या आरतीला त्याचा पत्ता नसतो. मंत्रपुष्पाची वेळ झाली की आमच्या स्कोफिल्ड्सच्या घराच्या गॅरेजमधून आधी त्याचा खणखणीत आवाज आत येतो आणि मागून तो येतो. हा सारा आळसाचा प्रकार आहे, असे लग्नानंतर पुष्कळ दिवस मला वाटत असे. तो त्याच्या व्यवसायाचा संस्कार आहे हे फार पुढे कळले. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ बेसबॉलमधला रिलीफ पिचर आहे.

ज्यांचा या खेळाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. सामना सुरू करणारा पिचर हा घरातल्या थोरल्या मुलासारखा असतो. त्याची झोप सांभाळायची, त्याचे जेवण सांभाळायचे, त्याच्या खांद्याची चौकशी साऱ्या गावाने करायची. मग हा थोरला मुलगा केव्हातरी दमतो, भांबावतो आणि तीनही बेसवर प्रतिस्पर्धी संघाची माणसे उभी करून ठेवतो. अशा वेळी मैदानाच्या कडेला जाळीआड बसलेल्या राखीव पिचरांपैकी एखाद्याला हाक मारली जाते. त्या जाळीआडच्या जागेला बुलपेन म्हणतात. आमचा मेहुणा तिथला कायमचा रहिवासी. त्यातही तो डावखुरा, म्हणून एखाद्या अवघड डावखुऱ्या फलंदाजापुरतेच त्याला काढायचे, काम झाले की पुन्हा ठेवून द्यायचे. पुण्याला असलेल्या माझ्या सासूबाईंना हे समजावण्याचा प्रयत्न त्याने एकदा व्हिडिओ कॉलवर माझ्यासमोर केला होता.

"पण तू नक्की करतोस तरी काय रे?" त्यांनी विचारले.

"आई, दुसऱ्याने पसारा घातला ना, की मला बोलावतात."

"आणि?"

"मी आवरतो."

"घरात कधी एक वाटी उचलून ठेवली नाहीस," सासूबाई म्हणाल्या, "आणि परक्या देशात लोकांचे पसारे आवरतोस होय!"

माझ्या लेकीने त्याचे वर्णन याहून नेमके केले आहे. ती इथेच जन्मली, त्यामुळे मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते. "बाबा, मामा इज लिटरली अ फायर एक्स्टिंग्विशर," ती एकदा म्हणाली. भिंतीवर टांगलेला असतो, कोणी त्याच्याकडे पाहत नाही, आणि आग लागली की सगळे त्याचेच नाव घेत धावतात. मेहुण्याला ही उपमा इतकी आवडली की त्याने पुढचे अनेक दिवस आल्यागेल्याला ती स्वतःच ऐकवली.

तो या देशात आला तो अकाउंटिंग शिकायला. हॅरिस पार्कच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पाच जण राहत. त्यांतले चौघे आज घर, गाडी आणि हिरवळ कापण्याचे यंत्र बाळगून असलेले गृहस्थ आहेत, आणि पाचवा हा. रविवारी युनिव्हर्सिटीच्या मैदानावर ही मंडळी क्रिकेट खेळत. एका दुपारी सीमारेषेवर उभ्या असलेल्या याने चेंडू उचलला आणि डाव्या हाताने असा फेकला की तो कुठेही टप्पा न खाता थेट यष्टिरक्षकाच्या ग्लोव्हमध्ये शिरला, आणि यष्टिरक्षक ग्लोव्हसकट खाली बसला. शेजारच्या मैदानावर बेसबॉलचा सराव चालला होता. तिथला पांढऱ्या मिशांचा प्रशिक्षक कुंपणापाशी आला आणि म्हणाला, "मेट, ते परत करून दाखव." याने परत करून दाखवले. यष्टिरक्षक या वेळी शहाणपणाने बाजूला झाला होता, त्यामुळे चेंडू मागच्या पत्र्याच्या शेडवर आदळला आणि त्या आवाजात एका सरळमार्गी अकाउंटंटचे भवितव्य कायमचे मोडले.

त्यानंतरची त्याची वाटचाल समजून घ्यायची असेल तर ऑस्ट्रेलियाचा नकाशा जमिनीवर पसरावा आणि त्यावर एक मुंगी सोडावी. उपनगरातल्या क्लबातून न्यूकॅसल, न्यूकॅसलहून अॅडलेड, तिथून पर्थ, पर्थहून ब्रिस्बेन, थंडीत डार्विन, आणि पुन्हा सिडनी. एक उन्हाळा जर्मनीतल्या अशा एका गावात, जिथे क्लबाने त्याला बेकरीच्या वरची खोली दिली होती. तिथून तो आला तो बेसबॉलविषयी अवाक्षर न काढता तीन आठवडे पावाविषयीच बोलत राहिला. एक मोसम अमेरिकेतल्या मक्याच्या शेतांनी वेढलेल्या गावात. तिथे मोसम संपण्याआधी क्लबच संपला. पोटासाठी त्याने गोदामात फोर्कलिफ्ट चालवली, शाळांतून खेळ शिकवले, विमानतळावर सामान चढवले. त्याचा पीआर, म्हणजे या देशात कायम राहण्याचा परवाना, मंजूर झाल्याचे कळले तेव्हाही तो कुठल्याशा गावी कोणाचा तरी पसारा आवरत होता, आणि आनंदाची बातमी म्हणून त्याने बहिणीला फोन केला तो "ताई, आज कर्व्हबॉल काय वळत होता!" हे सांगायला. पीआरची बातमी तिला फोन ठेवता ठेवता कळली.

प्रत्येक क्लब त्याला सोडताना तेच वाक्य म्हणत असे. "मेट, यू वेअर अ लेजंड. नो वरीज, हं?" या देशात कोणी आपल्याला लेजंड म्हटले की सामान बांधायला घ्यावे, हे मी त्याच्या उदाहरणावरून शिकलो. मग संध्याकाळी आमच्याकडे फोन येई.

"ताई, सोडलं गं."

"अगं बाई! आता कुठे?"

"बघू. कुठेतरी कुणाचा तरी खांदा दुखेलच."

हे तो इतक्या प्रसन्नपणे म्हणे की काही क्षण आपणही देवाजवळ एखाद्या अनोळखी खांद्याच्या दुखण्याची प्रार्थना करू लागतो. स्वतःच्या डाव्या हाताला मात्र तो राजपुत्रासारखा वागवी. लहानपणी आजीने डाव्या हाताने जेवू दिले नाही, याबद्दल तो तिचे आजही आभार मानतो; कारण त्यामुळे कामाची वाटणी जन्मापासूनच झाली. उजवा हात जेवणाचा आणि डावा फेकण्याचा. डाव्या कुशीवर तो झोपत नाही, डाव्या हातात पिशवी धरत नाही, आणि आमच्या फ्रीजरमध्ये मटारच्या पाकिटांवर त्याच्या खांद्याचा पहिला हक्क असतो. एकदा पाहुण्यांसमोर उसळ करताना बायकोने एक पाकीट उघडले, तर हा कळवळून म्हणाला, "ताई, ते माझं होतं!" पाहुण्यांनी उसळ जरा बेतानेच घेतली.

गोल वस्तू दिसली की त्याचा जीव थाऱ्यावर राहत नाही. वेंटवर्थव्हिलच्या वाणसामानाच्या दुकानात त्याला बरोबर नेणे हा एक स्वतंत्र अनुभव आहे. प्रत्येक कांदा तो उचलतो, त्यावर दोन बोटे ठेवतो, मनगट वळवून पाहतो, मान हलवतो आणि परत ठेवतो. संत्र्यांपाशी तर तो डोळे मिटतो. दुकानाचा मालक गुजराती गृहस्थ, त्याने एक दिवस न राहवून विचारले, "भाईसाब, कांदा खाना है या फेंकना है?"

"देख रहा हूँ, ग्रिप कैसी है."

"ग्रिप?" मालक माझ्याकडे वळून काळजीने म्हणाला, "इनको बोलो, उधर नारियल है, उसको हाथ मत लगाना."

आणि माणसांच्या अडचणीत त्याचे येणे तर विचारूच नका. त्याची बॅग गाडीच्या डिकीत सदैव भरलेली असते, आणि फोन केल्यावर तो "काय झालं?" असे विचारत नाही, "किती वाजता?" असे विचारतो. आमच्या मंडळाच्या सभेत एकदा नाटक तीन अंकी असावे की एकांकिका, यावरून दोन ज्येष्ठ सभासदांत असे वाजले की घटनेची कलमे निघाली. कोणीतरी हळूच बाहेर जाऊन याला फोन केला. हा आला, दारात उभा राहिला, खांदे सैल केले, दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि म्हणाला, "काका, वडे गार होतायत." सभा दोन मिनिटांत बरखास्त झाली. लोक त्याला ताट देण्यासाठी शोधू लागले तेव्हा त्याची गाडी कोपऱ्यावर वळत होती. काम झाल्यावर थांबणे त्याच्या धर्मात बसत नाही.

असा हा तृप्त मनुष्य. पण एक गोष्ट त्याला हवी होती आणि मिळाली नव्हती. या देशात उन्हाळ्यात बेसबॉलची सर्वांत वरची राष्ट्रीय स्पर्धा होते. तिच्यातल्या संघांबरोबर त्याने सराव केला होता, त्यांच्या फलंदाजांना टोपल्या भरभरून चेंडू टाकले होते, एकदा तर गणवेश चढवून बसलाही होता. पण खऱ्या सामन्यात, खऱ्या फलंदाजाला त्याने एकही चेंडू टाकला नव्हता. चाळिशी उंबरठ्यावर आली होती. खांद्यावर मटार ठेवून बसला असताना तो मला एकदा म्हणाला, "भावोजी, एक बॅटर. मला फक्त एक बॅटर पाहिजे. मग बंद. मग तुम्ही म्हणाल त्या ऑफिसात जाऊन बसतो." माझ्या बायकोने हे आतून ऐकले आणि बाहेर येऊन त्याच्याकडून शब्द घेतला: हा उन्हाळा शेवटचा. मिळाला बॅटर तर उत्तम, नाही मिळाला तरी बंद. त्याने शब्द दिला. मटारचे पाकीट मात्र त्या दिवशी त्याने नेहमीपेक्षा बराच वेळ धरून ठेवले.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला, एका गुरुवारी दुपारी, तो आमच्याकडे भांडी पुसत असताना त्याचा फोन वाजला. "येस. येस. नो, नो, आय अॅम क्लोज," एवढेच तो बोलला, फोन ठेवला, आणि पुसलेले पातेले पुन्हा धुवायला घेतले.

"काय झालं रे?" बायकोने विचारले.

"वरून बोलावणं आलंय."

"शुभ बोल मेल्या!"

"अगं, वरच्या टीमकडून! त्यांच्या लेफ्टीची मांडी धरलीय. फक्त या वीकेंडपुरतं. नीट टाकलं तर कदाचित ठेवतीलही." आणि हे सांगताना त्याच्या हातून ते पातेले पडले. सुदैवाने उजव्या.

संघ इथलाच, मैदान आमच्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर. शुक्रवारी आम्ही तिघेही गेलो, शनिवारीही गेलो. दोन्ही दिवस आमच्या संघाचे पिचर असे निर्दोष खेळले की आवरायला पसारा म्हणून नव्हता. विजयी संघाच्या जल्लोष करणाऱ्या प्रेक्षकांत खिन्न चेहऱ्याने बसलेले कुटुंब आमचे एकच. रविवार उरला होता.

रविवारी सकाळी बायकोने कारण शोधून काढले. नवरात्रात तो अॅडलेडला होता. खंडेनवमीला आमच्या घरी माझा लॅपटॉप, तिचा मिक्सर आणि लेकीचे व्हायोलिन यांची यथासांग पूजा झाली होती. याचे शस्त्र मात्र पूजेवाचून राहिले होते. "मग कसं बोलावतील?" ती म्हणाली. पाट मांडला गेला. पाटावर त्याचा तो तपकिरी, वर्षानुवर्षांच्या घामाने मऊ झालेला ग्लोव्ह विराजमान झाला. हळदीकुंकू चामड्यावर टिकत नाही असे दिसल्यावर तिने ते खोबरेल तेलाच्या थेंबात कालवले आणि ग्लोव्हच्या तळव्यात, बोटांवर, मनगटाच्या पट्ट्यावर भक्तिभावाने लावले. वर अक्षता, वर झेंडू. मेहुण्याने डोळे मिटून नमस्कार केला. मग तो ग्लोव्ह मांडीवर घेऊन न्याहारीला बसला आणि भाचीला नियम समजावू लागला.

"पिचरच्या हाताला सनस्क्रीनसुद्धा चालत नाही, माहितीये? अंपायर चेक करतात. काही चिकट सापडलं की डायरेक्ट बाहेर."

"लाइक, एनिथिंग?"

"एनिथिंग! हाताला नाही, टोपीला नाही, ग्लोव्हला नाही," असे म्हणून त्याने ग्लोव्हवरच्या अक्षता हळुवार फुंकर घालून उडवल्या.

त्याच्या लेखी कुंकू हा पदार्थच नव्हता. आमच्यापैकीही कोणाच्या लेखी तो नव्हता. आम्ही सगळे अत्यंत प्रसन्न मनाने गाडीत बसलो.

आणि काय सामना झाला तो! खेळाचे नऊ डाव असतात. आठव्या डावापर्यंत आमचा संघ केवळ एका धावेने पुढे होता. प्रतिस्पर्ध्यांचे दोन गडी बाद झाले होते, तिसरा बाद झाला की डाव संपणार आणि संकट टळणार. पण नेमका आमचा पिचर भांबावला. एक बेस भरला, दुसरा भरला, तिसरा भरला. आता येणारा फलंदाज डावखुरा आणि उंचीने दाराच्या चौकटीएवढा. आमच्या प्रशिक्षकाने बुलपेनचा फोन उचलला. जाळीचे फाटक उघडले. आणि आतून आमचा मेहुणा बाहेर आला!

"आला! अहो, आला! आला बघा!" बायकोने माझा दंड असा धरला की त्याची खूण दोन दिवस राहिली. लेक बाकावर उभी राहिली. त्या भल्यामोठ्या हिरवळीवरून तो धावत येत होता. घाई न करता, टोपी सावरत, जणू शेजारच्या खोलीतून पाण्याचा तांब्या आणायला निघाला आहे. मैदानाच्या मधल्या उंचवट्यावर तो पोचला, आणि अंपायर ग्लोव्ह तपासायला पुढे झाला.

तपासणी क्षणभराची असते. या वेळी ती क्षणभराची झाली नाही. अंपायरने ग्लोव्हमध्ये पाहिले. मग बोट घालून पाहिले. मग ते बोट उन्हात धरून पाहिले. बोट भगवे झाले होते.

आमच्या तिघांच्या तोंडचे पाणी एकाच वेळी पळाले. दुसरा अंपायर आला. समोरच्या संघाचा लठ्ठ प्रशिक्षक तावातावाने मैदानात आला आणि याला हाकलाच, असे दोन्ही हातांनी सांगू लागला. नियमाप्रमाणे त्याचे खरे होते. एवढ्या वर्षांनी मिळालेला तो एक बॅटर तिथे पंधरा-वीस पावलांवर बॅट घेऊन उभा होता, आणि एकही चेंडू न टाकता माझा मेहुणा घरी जाण्याच्या बेतात होता. आम्ही अगदी पुढच्या रांगेत होतो, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"व्हॉट्स धिस, मेट?"

"सर, माय सिस्टर," मेहुणा म्हणाला.

"युअर सिस्टर?"

तेवढ्यात सिस्टर कुंपणापाशी पोचलीही होती. ज्या बाईने पंधरा वर्षांत कौन्सिलकडे कचऱ्याच्या डब्याची तक्रार करायलाही मला पुढे केले, ती तारेची जाळी दोन्ही हातांनी धरून अंपायरला सांगत होती, "एक्सक्यूज मी! दॅट इज अ ब्लेसिंग! वी पुट इट ऑन एव्हरीथिंग! वी पुट इट ऑन द मिक्सर!"

"आई, ओ माय गॉड, स्टॉप," लेक म्हणाली, आणि पुढच्याच क्षणी तीही जाळीला लटकून ओरडली, "इट्स नॉट स्टिकी! फील इट! जस्ट फील इट!"

अंपायरने आपली दोन बोटे एकमेकांवर घासली. उघडली. पुन्हा घासली. मग त्याने मेहुण्याचा डावा हात मागितला, उलटासुलटा केला, वास घेतला. तो हात, आजीच्या कृपेने, पूजेत कुठेही शिवला नव्हता, स्वच्छ होता. अंपायर हात सोडून देत म्हणाला, "ऑलराइट. हा ग्लोव्ह बाहेर. दुसरा आण आणि टाक. नसेल तर तू जा."

दुसरा! डावखुऱ्याचा ग्लोव्ह उजव्या हातात चढतो. तो कोणाकडून मागून घेता येत नाही. आमच्या संघात त्या दिवशी डावखुरा तो एकटाच होता. प्रशिक्षकाने आपल्या बाकावरच्या खेळाडूंकडे पाहिले; सगळ्यांनी माना हलवल्या. मेहुणा नुसता उभा होता. मी त्याला एवढे रिकामे हात घेऊन कधी पाहिले नव्हते.

आणि मग समोरच्या संघाच्या बाकावरून एक माणूस उठला. रापलेला, दाढीत पांढरे केस आलेला. त्यांच्यातला राखीव डावखुरा पिचर. ओळख ना पाळख. त्याच्या प्रशिक्षकाने "ओय! व्हेअर यू गोइंग?" अशी गर्जना केली. हा आपला सावकाश मैदानात चालत आला, आपला काळा ग्लोव्ह मेहुण्याच्या छातीवर ठेवला, "इट्स अ बिट टाइट इन द थंब," एवढे म्हणाला आणि तसाच सावकाश परत गेला. दोन्ही बाजूंचे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. बायको रडू लागली. अजून पहिला चेंडूही पडायचा होता.

पहिला चेंडू बाहेर. दुसराही बाहेर. चार चेंडू बाहेर गेले की फलंदाजाला फुकटचा बेस, आणि तीनही बेस भरलेले असल्याने थेट बरोबरी. तिसरा चेंडू आत घुसला. फलंदाजाची बॅट हवेतून फिरली! चौथा त्याने असा हाणला की तो गाड्यांच्या तळावर जाऊन पडला, पण रेषेच्या बाहेरून, म्हणून काही नुकसान नाही; एका गाडीचा भोंगा तेवढा वाजत राहिला. अशा हुकण्याला स्ट्राइक म्हणतात; तीन झाले की बाद, आणि फलंदाजाचे आता दोन झाले होते. मेहुण्याने उसासा टाकला, मान खाली घातली, आणि सगळे बळ एकवटल्यासारखा हात फिरवून चेंडू सोडला तो इतका हळू, इतका हळू, की मला वाटले, निसटला! फलंदाज आधीच झेपावला होता. बॅटच्या टोकाला निसटता स्पर्श होऊन चेंडू रांगत रांगत मेहुण्याकडेच परत आला. तिसऱ्या बेसवरचा माणूस धाव पुरी करायला फलंदाजाच्या जागेकडे सुटला. मेहुणा वाकला; परक्या ग्लोव्हमध्ये अंगठा अडला; चेंडू उडाला; त्याने तो उघड्या डाव्या हाताने झेलला आणि पडता पडता तिथे बसलेल्या कॅचरकडे लोटला.

"हाऊज दॅट!" आमची अख्खी रांग ओरडली. बेसबॉलमध्ये तसे विचारत नाहीत. पण विचारल्यावाचून राहवेना. अंपायरची मूठ वर गेली. बाद!

नवव्या डावात दुसऱ्याच पिचरने सामना संपवला, आपण जिंकलो, पण ते मला नंतर कोणी तरी सांगितले. आम्ही कुंपणापाशी नाचत होतो. मेहुण्याने ग्लोव्ह परत नेऊन दिला, तेव्हा बायकोने पिशवीतला बेसनाच्या लाडवांचा डबा त्या परक्या पिचरच्या हातात कोंबला आणि त्याच्या प्रशिक्षकाकडे असे पाहिले की तो दोन पावले मागे सरला.

मंगळवारी फोन आला. पहिल्या लेफ्टीची मांडी बरी झाली होती. यू वेअर अ लेजंड, मेट. मेहुण्याने बहिणीला सांगितले, "ताई, शब्द दिला होता. बंद." तिने त्याचा गणवेश धुऊन, इस्त्री करून ठेवला होता. तो परत करायला दुपारी मी त्याला मैदानावर घेऊन गेलो. खिडकीतल्या मुलीने घडी न उघडता तो एका खोक्यात ठेवला.

परत निघालो तर बुलपेनमध्ये तो बरा झालेला लेफ्टी सरावाचे चेंडू टाकत होता. मेहुणा जाळीपाशी थांबला. बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने हाक मारली.

"मेट, तो त्यांचा उंच लेफ्ट-हँडर आहे ना, त्याला हळू टाक. तो घाई करतो. दोन स्ट्राइक झाले की हमखास घाई करतो."

त्या माणसाने चेंडू थांबवून विचारले, "यू फेस्ड हिम अ लॉट?"

"एकदा," मेहुणा म्हणाला.

लेफ्टी हसला नाही. त्याने नीट मान डोलावली, "चिअर्स, मेट," म्हणाला, आणि पुढचा चेंडू खरोखरच हळू टाकून पाहिला.

मुख्य रस्त्याला लागल्यावर गाडीच्या काचेबाहेर बघत मेहुण्याने विचारले, "टाकेल ना हो भावोजी, मी सांगितलं तसं?"

"टाकेल," मी म्हणालो, आणि घर जवळच होते म्हणून गाडी जरा सावकाश चालवली.